हँडीकॅमच्या कॅसेटी कॉम्प्युटरवर घ्यायच्या आहेत – इंदूरकरांनो, मदत हवी

रामबाग_वाडा

बाबांच्या कपाटातून हँडीकॅम आणि पिशवीभर कॅसेटी निघाल्या. कॅसेटी दोन प्रकारच्या आहेत. लहान आहेत त्यांवर 'मिनी डीव्ही' लिहिलंय. दुसऱ्या साधारण गाण्यांच्या कॅसेटएवढ्या, त्यांवर 'हाय ८'. कॅमेरा सोनीचा, मिनी डीव्हीचा, अजून सुरू होतो. हाय ८चा जुना कॅमेरा बाबांनी कधीच कुणाला तरी देऊन टाकला.

यात काय आहे ते सांगते, म्हणजे जीव का तुटतोय ते कळेल. बाबा मिलमध्ये होते. हुकुमचंद मिल १९९१मध्ये बंद पडली, पण अनंत चतुर्दशीच्या रात्री मिलचे कामगार काढायचे त्या झांक्या, म्हणजे ट्रॉलीवरचे दिव्यांचे देखावे, निघत राहिल्या आणि बाबा दर वर्षी रात्रभर उभं राहून त्यांचं शूटिंग करायचे. शिवाय राजवाड्यासमोरची रंगपंचमीची गेर (रंगांची मिरवणूक), भावाची मुंज, आणि आमची आजी. आजीचा आवाज दुसरीकडे कुठेच नाही.

कॅमेऱ्याला यूएसबीचं भोक आहे. लॅपटॉपला जोडलं तर मेमरी कार्डावरचे फोटो तेवढे दिसतात, कॅसेटमधलं काहीच येत नाही. बाजारात एका दुकानात विचारलं, तो म्हणाला कॅसेटी द्या, डीव्हीडी करून देतो. द्यावं का? की घरी होण्यासारखं आहे?

सोल्डर_गन

ताई, मिनी डीव्ही घरी नक्की होईल, आणि घरीच करा.

यूएसबीचा नाद सोडा. त्या काळच्या बहुतेक मिनी डीव्ही कॅमेऱ्यांत यूएसबी फोटोंसाठी किंवा वेबकॅमसारख्या हलक्या चित्रासाठी दिलेलं असे. कॅसेटसाठी वेगळं, अगदी छोटं चौकोनी भोक असतं. त्यावर 'डीव्ही' किंवा 'आय-लिंक' लिहिलेलं दिसेल. सोनी आय-लिंक म्हणते, ॲपल फायरवायर म्हणते, कागदोपत्री नाव आयईईई १३९४. कॅमेऱ्याच्या बाजूला ४ पिनांचं, जुन्या डेस्कटॉपच्या बाजूला बहुधा ६ पिनांचं.

यातली महत्त्वाची गोष्ट अशी की मिनी डीव्हीच्या टेपवर चित्र आधीपासूनच आकड्यांच्या रूपात आहे. फायरवायरने तुम्ही शूटिंग पुन्हा रेकॉर्ड करत नाही, टेपवरचे आकडे जसेच्या तसे उतरवून घेता. टेप नीट वाचली गेली तर कॉम्प्युटरवरची फाइल आणि टेप यांत चित्राचा काहीही फरक राहत नाही. प्रत्येक फ्रेमसोबत तारीख-वेळही येते. पिवळ्या-पांढऱ्या-लाल पिनांच्या वायरने घेतलंत तर चित्र आधी ॲनालॉग होणार, मग पुन्हा डिजिटल, आणि तारखेची माहिती वाटेतच गळणार.

देवास_नाका

सगळं खरं, पण आजच्या लॅपटॉपला फायरवायर मिळतं कुठे? मीही इथेच अडकलोय. ऑनलाइन एका टोकाला फायरवायर आणि दुसऱ्या टोकाला यूएसबी अशी स्वस्त वायर दिसते. चालते का?

सोल्डर_गन

नाही. ती वायर फक्त पिनांचा आकार बदलते. यूएसबी आणि फायरवायरची बोलण्याची पद्धतच वेगळी आहे, नुसत्या तारा जोडून ती जुळत नाही. पैसे घालवू नका.

चालणारे रस्ते सांगतो. घरी डेस्कटॉप असेल तर पीसीआय एक्स्प्रेसचं फायरवायर कार्ड लावा. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची चिप असलेलं मिळालं तर उत्तम, व्हीआयए चिपचीही चालतात. विंडोज १०वर कार्ड ओळखलं जातं पण कॅमेरा दिसत नाही, अशी तक्रार पुष्कळ जण करतात. विंडोज ८पासून मायक्रोसॉफ्टने जुना ड्रायव्हर काढून टाकला, म्हणून. तो 'लेगसी' नावाचा ड्रायव्हर वेगळा उतरवून डिव्हाइस मॅनेजरमध्ये हाताने निवडावा लागतो.

दुसरा रस्ता म्हणजे जुना लॅपटॉप. एक्सपी किंवा विंडोज ७च्या काळातल्या बऱ्याच लॅपटॉपना ४ पिनांचं फायरवायर बाजूलाच असे. ओळखीपाळखीत विचारा, कुणाच्या तरी माळ्यावर नक्की असेल. जेल रोडला किंवा सिल्व्हर मॉलमध्ये जुने पार्ट विकणाऱ्यांकडे कार्ड आणि वायर दोन्ही विचारून बघा.

मॅकवाल्यांसाठी: थंडरबोल्ट ३ ते २, मग थंडरबोल्ट ते फायरवायर ८००, मग ८०० ते ४०० अशी अडॅप्टरची साखळी जोडावी लागते. पण २०२५च्या मॅकओएस टाहोपासून ॲपलने फायरवायरचा आधारच काढलाय, तेव्हा ज्या मॅकवर हे काम करायचं तो अपडेट करू नका.

विंडोजवर विनडीव्ही नावाचं छोटंसं मोफत सॉफ्टवेअर पुरतं. लिनक्सवर डीव्हीग्रॅब. दोन्ही तारीख-वेळ पाहून शूटिंगचे तुकडे आपोआप वेगळे करतात.

वायर जोडताना कॅमेरा आणि कॉम्प्युटर दोन्ही बंद ठेवा. ६ पिनांच्या बाजूने वीज येते, पिन उलटी शिरली की कॅमेऱ्याचं पोर्ट जळतं. माझ्याकडे दुरुस्तीला आलेल्या कॅमेऱ्यांत हे बऱ्याचदा पाहिलंय, आणि आता त्या पोर्टचे सुटे भाग मिळत नाहीत.

सुदामानगर_गल्ली

दुकानात देण्याबद्दल आमच्या घरचा अनुभव लिहितो. दुकानाचं नाव लिहीत नाही, हेतू तो नाही. बहिणीच्या लग्नाच्या कॅसेटी दिल्या होत्या. डीव्हीडी आली तर हळदीच्या पूर्ण शूटिंगवर सिनेमाची गाणी चढवलेली. आमची मोठी काकू घाणा भरताना म्हणते त्या ओव्या कॅसेटमध्ये होत्या, डीव्हीडीत नाहीत. पाहुण्यांचे रटाळ वाटतील असे भागही कापलेले. त्या 'रटाळ' भागांतच आमचे निम्मे नातेवाईक होते, त्यातले कितीतरी आता नाहीत. मूळ कॅसेटी परत आणायला गेलो तर सापडत नाहीत म्हणाले.

दुकानात द्यायचंच असेल तर तीन गोष्टी आधी ठरवून घ्या. काही कापायचं नाही, आवाजाला हात लावायचा नाही, कॅसेटी परत पाहिजेत.

सोल्डर_गन

चौथी माझी: डीव्हीडी नको, मूळ डीव्ही फाइल हवी. तुमची हार्ड डिस्क न्या आणि त्यात टाकून मागा.

हिशेब असा आहे. डीव्हीचं एका तासाचं शूटिंग सुमारे १३ जीबी होतं. साध्या डीव्हीडीत मावतात ४.७ जीबी. म्हणजे एक तास तिच्यात कोंबायचा तर चित्र पिळावंच लागतं, आणि ते पिळणं परत उलगडता येत नाही. झांक्यांचं शूटिंग तर रात्रीचं, अंधार, लुकलुकते दिवे, हलती माणसं. अशा चित्रात आधीच दाणे दिसतात. ते दाबून बसवले की चेहरे चौकटी-चौकटींचे होतात. १ टीबीच्या डिस्कवर ७५ तासांच्या आसपास मूळ शूटिंग बसतं. पिशवीभर कॅसेटी आरामात मावतील.

चिमणबाग_संध्याकाळ

एवढी उठाठेव कशाला? कॅमेरा टीव्हीला जोडा, समोर स्टँडवर मोबाइल ठेवा आणि रेकॉर्ड करा. आम्ही तसंच केलं, व्हॉट्सॲपवर सगळ्यांनी पाहिलं, सगळे खूश.

माळवी_माती

व्हॉट्सॲपवर दाखवायला हरकत नाही. पण तेवढ्यावर थांबून कॅसेटी टाकून देऊ नका, ही कळकळीची विनंती. टीव्हीच्या काचेवरची खोलीची चमक, पंख्याचा आवाज, वाकडी चौकट हे सगळं त्या शूटिंगला कायमचं चिकटतं. कॅमेरा चालू स्थितीत असताना तर हा मार्ग का धरायचा?

आणि वेळ फार उरलेला नाही. युनेस्को आणि ध्वनी-दृश्य संग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१९मध्ये चुंबकीय टेपविषयी इशारा दिला होता. टेप चालवणारी यंत्रं आणि त्यांचे सुटे भाग मिळणं २०२५च्या सुमारास फार अवघड होईल, असं त्यात म्हटलं होतं. व्हीसीआर बनवणारी शेवटची मोठी कंपनी फुनाई, तिने २०१६मध्येच उत्पादन थांबवलं. टेप कदाचित आणखी काही वर्षं तग धरेल, पण ती चालवायला कॅमेरा राहणार नाही. ज्यांच्याकडे चालू कॅमेरा आहे त्यांनी तो भंगारात देऊ नका, विकू नका.

रामबाग_वाडा, एक तपासून बघा. कॅसेटीच्या खिडकीतून टेपच्या कडेवर पांढरी भुकटी किंवा जाळीसारखं काही दिसतंय का? आपल्याकडे उन्हाळा कोरडा, पण पावसाळ्यात बंद कपाटात बुरशी धरते. बुरशी लागलेली कॅसेट कॅमेऱ्यात घालायची नाही. ती हेडवर, म्हणजे टेप वाचणाऱ्या भागावर जाते आणि तिथून पुढच्या प्रत्येक कॅसेटवर. तशी सापडली तर वेगळ्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा आणि कॅसेट उघडून साफ करणाऱ्या जाणकाराकडेच द्या.

रामबाग_वाडा

सगळ्यांचे आभार. कॅसेटी एकेक करून उजेडात पाहिल्या. मिनी डीव्ही सगळ्या स्वच्छ आहेत. हाय ८मधल्या काहींच्या कडेला पांढरं दिसतंय, त्या वेगळ्या काढल्या.

मावसभावाकडे विंडोज ७चा जुना लॅपटॉप निघाला, फायरवायरसकट. विनडीव्ही टाकलं. पहिली कॅसेट लागली तेव्हा चित्र आलं, पण आडव्या पट्ट्या-पट्ट्या. एक पट्टी हलते, दुसरी थिजलेली. कॅसेट गेली का?

सोल्डर_गन

टेपला काही झालेलं नाही, घाबरू नका. कॅमेऱ्यात एक छोटा ड्रम मिनिटाला ९,००० फेऱ्या मारतो, त्यावर दोन हेड असतात, आणि ती आळीपाळीने टेपवरच्या तिरक्या रेघा वाचतात. आपल्याकडच्या टीव्ही-चित्राच्या पद्धतीला पाल म्हणतात, तिच्यात एका फ्रेमच्या अशा १२ रेघा. एक हेड मळलं की एकाआड एक रेघ वाचलीच जात नाही, म्हणून पट्ट्या.

मिनी डीव्हीची कोरडी क्लीनिंग कॅसेट मिळाली तर ती पाच-दहा सेकंद चालवा, त्याहून जास्त नाही, कारण ती हेड घासते. नाही मिळाली तर कॅमेरा माहीतगाराकडे न्या. कापसाची काडी आत घालू नका, तंतू अडकतो आणि हेड तुटतं.

साफ झाल्यावरही मधूनमधून चौकटी दिसल्या तर तीच कॅसेट पुन्हा घ्या. दर वेळी चुका त्याच जागी होत नाहीत. डीव्हीरेस्क्यू नावाचं मोफत साधन आहे, ते एकाच कॅसेटच्या अनेक प्रती ताडून प्रत्येकातला चांगला भाग उचलतं आणि एक फाइल बनवतं.

आणखी थोडं. बॅटरीवर काम करू नका, अडॅप्टर लावा. खूप वर्षं न हललेली कॅसेट आधी एकदा शेवटपर्यंत पुढे आणि मग सुरुवातीपर्यंत मागे नेऊन घ्या, म्हणजे टेप सारखी गुंडाळली जाते. थंड खोलीतून कॅमेरा आणून लगेच लावू नका. पडद्यावर दवाची खूण आली तर झाकण उघडं ठेवून वाट पाहा.

सातासमुद्रापार

मी मूळचा इंदूरचा, आता अमेरिकेत. हाय ८बद्दल लिहितो, कारण माझ्याकडे दोन्ही देशांतल्या कॅसेटी आहेत.

हाय ८ ॲनालॉग आहे, तिथे फायरवायरचं गणित थेट लागू होत नाही. पण एक पळवाट आहे. सोनीने १९९९मध्ये डिजिटल ८ नावाचे कॅमेरे काढले, तेही त्याच ८ मिमी कॅसेटी वापरतात. त्यातले बरेच जुन्या व्हिडिओ ८ आणि हाय ८ टेपही वाचतात आणि फायरवायरमधून डीव्ही करून बाहेर देतात. सगळी मॉडेलं वाचत नाहीत, तेव्हा विकत किंवा उसना घेण्याआधी त्याची पुस्तिका पाहा. असा कॅमेरा मिळाला तर तुमचा तोच लॅपटॉप, तीच वायर, तेच सॉफ्टवेअर. चित्राच्या थरथरणाऱ्या रेघाही तो आतच बऱ्याच स्थिर करतो.

साधा हाय ८ कॅमेराच मिळाला तर पिवळ्या पिनेऐवजी एस-व्हिडिओची वायर वापरा. तिच्यात उजेड आणि रंग वेगवेगळ्या तारांतून येतात, कडा स्वच्छ राहतात. १९९०च्या सुरुवातीच्या हाय ८ कॅमेऱ्यांत आतले कपॅसिटर गळण्याचा रोग आहे, तो चालतोय ना ते आधी अशा कॅसेटवर पाहा जी गेली तरी दुःख नाही.

आणि कुणाकडे परदेशातून आलेल्या कॅसेटी असतील तर: अमेरिकेची पद्धत एनटीएससी, आपली पाल. इथला कॅमेरा तिथली टेप सहसा नीट दाखवत नाही. ती टेप कोरी किंवा खराब समजून फेकू नका.

देवास_नाका

माझ्या मामांकडे डिजिटल ८ आहे! हाय ८ वाचतो, मी त्यावर मुंजीची जुनी कॅसेट पाहिलीय. रामबाग_वाडा, तुम्हाला हवा तर मामांना विचारतो.

माळवी_माती

हे जमलं तर फार चांगलं. बुरशीवाल्या मात्र मामांच्या कॅमेऱ्यात जाऊ देऊ नका.

मला आणखी एक सुचवायचंय, आणि माझ्या मते सगळ्या वायरींपेक्षा ते मोठं आहे. टेप कॉम्प्युटरवर घ्यायला जेवढ्या तासांची टेप तेवढेच तास लागतात, घाई करता येत नाही. तो वेळ बाबांना शेजारी बसवून घालवा. मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करत ठेवा आणि त्यांना बोलू द्या. ही झांकी कुठल्या मिलची, रचना कुणाची, विजेचं काम कुणी केलं, ट्रॉलीवर उभा तो कोण, मागे दुकान दिसतंय तिथे आता काय आहे. फाइल उद्याही कॉपी होईल, पण ही नावं फक्त त्यांच्या डोक्यात आहेत. मी माझ्या आत्याबरोबर असं केलं. ती एका फ्रेमवर थांबून पूर्ण वाड्याचा इतिहास सांगायची, कोण कुठल्या खोलीत राहायचं, नळावर पहिला नंबर कुणाचा. त्या रेकॉर्डिंगची किंमत मला आज शूटिंगपेक्षा जास्त वाटते.

मिल बंद झाल्यानंतरच्या झांक्यांचं सलग शूटिंग एका माणसाने वर्षानुवर्षं केलंय, हा केवळ घरगुती ठेवा नाही. कामगारांनी पगार नसताना वर्गणी गोळा करून ही मिरवणूक जिवंत ठेवली. मागे दिसणारे रस्ते, टेंपो, पाट्या, सगळंच त्या काळाचं. कधी तरी शहराच्या कामी येईल, म्हणून काहीही कापू नका.

तारखांबद्दल: कॅमेऱ्याचं घड्याळ बरेचदा चुकीचं असतं, आतली छोटी बॅटरी संपली की तारीख मागे जाते. पण तुमच्याकडे पडताळा आहेच. झांक्या म्हणजे भाद्रपद शुद्ध चतुर्दशी, गेर म्हणजे फाल्गुन वद्य पंचमी. कॅमेऱ्याची तारीख त्या वर्षीच्या पंचांगाशी जुळली तर घड्याळ बरोबर. आपल्याकडच्या हिंदी पंचांगात रंगपंचमी चैत्र कृष्ण पंचमीखाली सापडेल, महिना वेगळा दिसला म्हणून गोंधळू नका.

चिमणबाग_संध्याकाळ

हे वाचून आमच्या कॅसेटी परत काढल्या. कॅमेरा आहे, चालतोय. फायरवायर वायर शोधतो. नंतर घरच्यांना मोबाइलवर पाहता येईल असं कसं करायचं, तेही सांगा. आणि आजकाल एआयने जुनं चित्र फोर-के होतं म्हणतात, तसं करावं का?

सोल्डर_गन

मूळ डीव्ही फाइल तशीच ठेवायची, तिच्यावरून एमपी४ बनवायची. त्यासाठी हँडब्रेक नावाचं सॉफ्टवेअर मोफत आहे. त्यात 'डीइंटरलेस' चालू करा, कारण त्या काळचं चित्र अर्ध्या-अर्ध्या रेघांचं असतं आणि मोबाइलवर हालचालीच्या कडा कंगव्यासारख्या फाटलेल्या दिसतात. सेकंदाला २५ऐवजी ५० फ्रेम ठेवल्या तर लेझीम किंवा गेरमधली उसळी मूळच्यासारखी सलग दिसते.

एआयबद्दल माझं मत स्पष्ट आहे. ते चेहऱ्यात नसलेले तपशील भरतं. बघायला गुळगुळीत वाटतं, पण ती तुमची आजी राहत नाही. हवं तर वेगळ्या प्रतीवर करून पाहा, मूळ फाइलवर कधीच नाही.

पेनड्राइव्हवर १३ जीबीची फाइल जात नाही अशी तक्रार येईलच. ड्राइव्हचा फॉरमॅट एफएटी३२ असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल घेत नाही, एक्सफॅट करून घ्या. आणि प्रती तीन ठेवा, त्यातली एक दुसऱ्या घरी. हार्ड डिस्क न सांगता जाते.

रामबाग_वाडा

हेड साफ झालं, चित्र आता स्वच्छ आहे. झांक्यांची पहिली कॅसेट पूर्ण आली. माळवी_माती म्हणाल्या तसं बाबांना बसवलं. सुरुवातीला ते गप्प होते, मग एका झांकीवर त्यांनी थांबवायला सांगितलं आणि ट्रॉलीमागे चालणाऱ्या एकेकाचं नाव, खातं, कोण सांचावर (मागावर) आणि कोण बॉयलरवर, सगळं सांगत गेले. आई स्वयंपाक टाकून येऊन बसली.

एका कॅसेटवर 'एलपी' लिहिलंय. ती मात्र सारखी अडखळते, आवाजही तुटतो. मुंजीची आहे, म्हणजे आजी त्यातच असणार.

सोल्डर_गन

एलपीत (लाँग प्ले) ६० मिनिटांच्या टेपवर ९० मिनिटं बसवलेली असतात, रेघा १० मायक्रॉनऐवजी साधारण पावणेसातच्या. ज्या कॅमेऱ्याने शूट केलं त्यानेच ती सहसा नीट वाचली जाते. मुंजीचं शूटिंग याच कॅमेऱ्याने झालं होतं का? बाबांना विचारा.

रामबाग_वाडा

विचारलं. नाही, ते काकांच्या कॅमेऱ्यावर केलं होतं. काका उज्जैनला असतात, कॅमेरा अजून त्यांच्याकडे आहे म्हणतात.

सोल्डर_गन

मग दुसऱ्या कॅमेऱ्यात तिच्याशी झटापट करूच नका. काकांना कॅमेरा आणि त्याचा मूळ अडॅप्टर दोन्ही आणायला सांगा. लावण्याआधी कॅसेटच्या पाठीवरची छोटी पट्टी 'सेव्ह'कडे सरकवा, म्हणजे चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं तरी त्यावर काही पुसलं जाणार नाही. खरं तर सगळ्याच कॅसेटींना हे आजच करून टाका.

देवास_नाका

मामा हो म्हणाले. डिजिटल ८ रविवारी सकाळी घेऊन येतो. बुरशी नसलेल्या हाय ८ तेवढ्या काढून ठेवा, आणि डिस्कवर जागा आहे का बघा.